इंदापूर ते बारामती, पाखराच्या वाटेनं

या पैजेत बारामतीच्या रामहरीला काय मिळायचं होतं ते आधी बघू. जिंकला असता, तर धाकटी बहीण सिंधुबाई पहिल्या बाळंतपणाला घरी आली असती. म्हणजे घरात खाणारं तोंड एक जास्त, डिंकाचे लाडू, साजूक तूप, बारशाला पाहुणे, आणि सासरी परत पाठवताना बाळलेणं वेगळंच. हा सगळा खर्च आपल्याच पदरात पडावा म्हणून त्यानं पणाला लावली होती कबुतरांनी भरलेली ढाबळ. पोटच्या पोरांना कधी मांडीवर न घेतलेला रामहरी त्या कबुतरांना छातीशी धरून हिंडायचा.

सिंधुबाईचा नवरा कुंडलिक इंदापूरचा. तो जिंकला असता, तर तोच खर्च त्याच्या गळ्यात पडला असता. दोघंही भाजीपाल्याचे बागायतदार. कोथिंबिरीच्या जुडीत चार काड्या जास्त गेल्या तर जेवण गोड न लागणारे. तरी दोघांनी खर्चासाठी पैज लावली. वैर आलं की माणूस आपल्याच खिशाला भोक पाडतो आणि गावभर दाखवत हिंडतो, की बघा, माझं भोक त्याच्यापेक्षा मोठं.

वैर तरी कशावरून, तर बैलांवरून. लग्नात इंदापूरच्या वऱ्हाडाच्या बैलांना बारामतीत नुसता कडबा मिळाला, पेंड मिळाली नाही. रामहरीचं म्हणणं, पेंड दिली होती, गडी लबाड निघाला. कुंडलिकची आई चंद्राबाई म्हणायची, गडी लबाड असेल, पण मालक त्याहून लबाड. दोन वर्षं झाली, त्यातला एक बैल विकूनही झाला, पण त्याची उपासमार चंद्राबाईच्या तोंडी ताजी होती.

या सगळ्यात सिंधुबाईला कुणी काही विचारलं नव्हतं. तिच्या मनातलं सांगायचं तर तिला खर्चाचं काही नव्हतं, जिवाचं होतं. तिची थोरली जाऊ रतन आदल्या वर्षी त्याच घरात बाळंतपणात गेली होती. कळा सुरू होऊन दिवस उलटला तरी चंद्राबाईनं बाहेरचं माणूस बोलवू दिलं नव्हतं. "आमच्या चार झाल्या, कुनी आलं न्हवतं," एवढंच तिचं उत्तर. उलट सिंधुबाईची आई मुक्ताबाई म्हणजे बारामतीच्या अख्ख्या आळीचा आधार. कुणाचीही लेक अडली की रात्रीबेरात्री तिलाच हाक. तेव्हा सिंधुबाईला बारामती गाठायची होती, आणि सातवा सरत आला होता.

चौतीस-पस्तीसचं साल असेल. माघात रामहरी बहिणीला न्यायला इंदापूरला आला. ओट्यावर बसून पाणी प्यायला, तोवर कुंडलिक म्हणाला, "पानी प्या, आन् निघा. ती येत न्हाय."

"का येत न्हाय? पयलं बाळंतपन माहेरालाच हुतं, दाजी."

"बारामती काय शेजारच्या आळीत हाय? तीस-बत्तीस मैल. गाडीत गेली तर दिवस जाईल, मोटारीत गेली तर हिंदकळून जीव जाईल. पोटुशी बाई हाय, गुळाची ढेप न्हाय."

या दोन गावांमधलं अंतर हा तसा भांडणाचाच विषय. मोटारवाला भाडं घेताना मैल वाढवायचा, वेळ सांगताना कमी करायचा. गाडीवान बैलांच्या विसाव्यांवर मोजायचे. सासुरवाशिणींचं माप वेगळंच, ते इथं देत नाही.

"तीस मैल मानसाला," रामहरी म्हणाला. "पाखराला एवढं न्हाय. ते काय लासुर्ण्याला वळसा घालतंय, का निमगावात च्या पितंय? माझा ठिपक्या हितनं सोडला तर तुमची मोटार अर्ध्या वाटंवर असंल, तवर ह्यो ढाबळीत जाऊन दानं टिपत असंल. तिकडं काय कमीजास्त झालं तर..."

"तर?" दारातून चंद्राबाई बोलली. आत भाकरी थापत होती, पण कान बाहेर होते. "तिकडं काय झालं तर तुमचं पाखरू हिकडं येनार हाय का?"

ते खरंच होतं. कबुतर फक्त घरी येतं. बारामतीचं कबुतर इंदापुरात सोडलं तर बारामतीला जाईल, बारामतीत सोडलं तर जाऊन जाऊन ढाबळीवरच बसेल.

"म्हंजी आमचा निरोप तुमाला मिळनार, तुमचा आमाला न्हाय," चंद्राबाई म्हणाली. "पाखरू बी अगदी घरावर गेलंय."

ओट्यावरची मंडळी हसली. रामहरीचे कान लाल झाले आणि तिथंच त्याच्या तोंडून पैज निघाली. येत्या सोमवारी सकाळची मोटार इंदापूरहून सुटेल, त्याच घटकेला ठिपक्याला सोडायचं. ठिपक्या आधी पोचला तर सिंधू माहेरी. मोटार आधी पोचली तर ढाबळीतली सगळी कबुतरं कुंडलिकची, आणि रामहरीनं बहिणीला न्यायला पुन्हा इंदापूरची पायरी चढायची नाही.

"सगळी कबुतरं?" कुंडलिकनं विचारलं.

"मुंडीसकट," रामहरी म्हणाला.

दाराआड सिंधुबाई उभी होती. आपली किंमत कबुतरांत झालेली तिनं ऐकली आणि आत जाऊन चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

रामहरी काही वेडा नव्हता. ठिपक्याची मादी त्याच आठवड्यात अंड्यांवर बसली होती. मादी अंड्यांवर असली की नर वाटेत कुठं टेकत नाही, जीव तोडून घर गाठतो. त्यात आदल्या दिवशी दुपारनंतर त्याला दाणा द्यायचा नाही, नुसतं पाणी. रिकाम्या पोटाचं कबुतर घरच्या दाण्याच्या ओढीनं बाणासारखं सुटतं. एवढं जमलं की मोटार तासभर मागं पडणार, यात शंका नव्हती.

रविवारी दिवस कलताना तो वेताच्या पिंजऱ्यात ठिपक्याला घेऊन इंदापूरला उतरला. कुंडलिकच्या ओट्यावर दहा-पंधरा माणसं जमलीच होती. पिंजरा ठेवतोय न ठेवतोय, तोच चंद्राबाई हातात वाटी घेऊन बाहेर आली. वाटीत भिजून टरारलेला हरभरा.

"मावशी, त्याला काय घालू नगा," रामहरी पुढं झाला. "उडायच्या आदी खायाला घालत न्हाईत."

"व्हय का?" चंद्राबाई पिंजऱ्यापाशी बसलीसुद्धा. "तुमच्यात वाटंला लागायच्या जनावराला उपाशी ठेवत्यात, ते आमी लग्नातच बगितलं. आमच्यात तसं न्हाय पाव्हनं. दुश्मनाचं असलं तरी मुकं जनावर हाय. आमच्या दारातनं उपाशी जानार न्हाय."

"तसं न्हवं मावशी, पाखराचं येगळं असतं."

"बैलाचं बी येगळंच हुतं!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि ओटा खदखदला.

रामहरीनं मान वळवून एकेकाकडं पाहिलं. वाटी ढकलावी, तर बैलांना उपाशी ठेवल्याचा आळ साऱ्या गावासमोर आपणच कबूल केल्यासारखं. न ढकलावी, तर पैज त्या हरभऱ्याबरोबर ठिपक्याच्या पोटात. दोन वर्षांपूर्वी चार मुठी पेंडीचा हिशेब नीट ठेवला असता तर ही वेळ आली नसती. पण मानी माणसाला तोट्याच्या दोन वाटांतली मानाचीच वाट दिसते. तो कोरडं हसला आणि म्हणाला, "घाला, मावशी. तुमच्या मनासारखं हू द्या."

ठिपक्या टिपू लागला. त्याच्या गळ्याखालची पिशवी मोसंबीएवढी फुगली तरी चंद्राबाई वाटीतले दाणे पुढं सारतच होती. तिच्या घरी कोंबड्या होत्या. भरल्या पोटाचं पाखरू जागचं हलत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मग तिनं पाव्हण्याला पाटावर बसवलं आणि पुरणपोळीवर तूप वाढलं. रामहरी नको नको म्हणत राहिला, ती वाढत राहिली. शत्रूला इतक्या आग्रहानं जेवू घालणारी बाई इंदापुरात दुसरी नव्हती.

सिंधुबाई ताट उचलायला वाकली तेव्हा भाऊ हळूच म्हणाला, "घाबरू नगं. मादी अंड्यावर हाय त्येची. येतोय बग ठिपक्या."

"पोट बगितलंस त्येचं?" सिंधुबाई म्हणाली. तिचं लहानपण त्या ढाबळीखालीच गेलं होतं. ती ताट घेऊन आत गेली.

सोमवारी मोटारतळावर जत्रा लोटली. लाल सर्व्हिस मोटार, डायव्हर सिद्धू, भाडं गोळा करायला म्हस्कू. मान म्हणून डायव्हरशेजारच्या पुढल्या सीटवर कुंडलिकनं जागा धरलेली. ते पाहून रामहरीही तिथंच बसणार म्हणाला. एका माणसाच्या जागेत दोन वैरी, मांडीला मांडी.

सिद्धूनं भोंगा वाजवला. रामहरीनं खाली उतरून पिंजऱ्याचं दार उघडलं. ठिपक्या बाहेर आला, पंख झटकले, उडाला. एक घिरटी घेतली. सगळ्या तळावरच्या माना वर झाल्या. दुसरी घिरटी अर्धीच झाली आणि ठिपक्या तळाच्या कडेच्या लिंबाच्या शेंड्यावर जाऊन बसला. मान पिसात घालून खाजवू लागला.

"हाऽऽ हाऽऽ! हुशऽऽ!" रामहरी ओरडला.

"आरं वरडू नगा, झोपलंय ते," कुणीतरी म्हणालं. कुणी दगड उचलला, कुणी अडवला, दोघांची जुंपली. कुंडलिक पोट धरून हसत होता. या गोंधळात मोटारीच्या मागल्या दारानं कोण चढलं, कोण उतरलं, हे बघायला एकही मान खाली नव्हती.

मोटार निघाली. निमगावात पानांच्या पाट्या चढल्या. रामहरी खिडकीतून डोकं काढून आभाळ चाळत होता.

"डोकं आत घ्या मेव्हनं," कुंडलिक म्हणाला. "बाभळीचा काटा लागंल. आमच्यावर आनि एक आळ."

"तुमच्या आईनं जिंकलं हे. तुमी न्हाय."

"मग आईला सांगतो की तुमी तिचं नाव काढलं. आन् कबुतराचं कालवन कसं करत्यात, त्ये बी इचारून ठेवतो."

रामहरीची मूठ वळली. सिद्धू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "हानामारी करायची आसंल तर लासुर्ण्यात करा. तितं इंजनाला पानी घालायला थांबतोच मी." लासुर्ण्याला मोटार थांबली, कालव्याचं पाणी इंजिनात गेलं, हाणामारी झाली नाही. रामहरी उतरून आभाळाकडं बघत राहिला. आभाळात दोन घारी होत्या आणि काही नव्हतं.

बारामतीच्या मोटारतळावरून रामहरीची ढाबळ दिसते. तिच्याखाली बाज टाकून भाजीपाल्याचे अडते आबाजी बसले होते. दोन्ही पक्षांनी मान्य केलेला पंच असा तालुक्यात हा एकच माणूस, कारण दोघांचाही माल त्यांच्याचकडं यायचा आणि दोघांनाही ते सारखेच कापायचे. मोटार थांबताच आबाजींनी हातातलं साखळीचं घड्याळ मिटलं.

"आलं?" रामहरीनं लांबूनच विचारलं.

"न्हाय बाबा."

कुंडलिक उतरला. त्यानं आधी मिशीवर हात फिरवला, मग धोतर झटकलं. "रामहरी, पाटी आना मोठी. पाखरं भरायची हायती. मी ह्याच मोटारीनं माघारी निघनार."

तेवढ्यात म्हस्कू भाडं गोळा करत पुढं आला. "पुढल्या सीटची दोन, आन् मागल्या बाकावरच्या बाईचं एक."

"कुठली बाई?"

"मला काय म्हाईत? म्हनली, पुढं बसलेला मालक दील."

"आरं पुढं आमी दोघं हाय. कुठला मालक?"

"त्ये तुमीच इचारा की त्यास्नी."

मागल्या दारातून, एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हातानं दांडी धरून, सिंधुबाई सावकाश उतरत होती. तोंड पांढरं पडलेलं, केसांत वाटेची धूळ, पण पाय जमिनीला टेकले तसा तिनं पदर नीट केला. कुंडलिकचा हात पुन्हा मिशीकडं गेला तो तिथंच राहिला.

"तू? कुनाला इचारून आलीस?"

"इचारायलाच आले हुते तळावर. तुमी आभाळात बगत हुता."

म्हस्कू फसकन हसला आणि कुंडलिकचा चेहरा बघून पैसे मोजू लागला. रामहरीनं मात्र तेवढ्यात कनवटीला हात घातला. "म्हस्कू, हिकडं घे. माझ्या भैनीचं भाडं मी देतो."

"हात मागं!" कुंडलिक कडाडला. "माझ्या बायकूचं भाडं तू देनार? एवढं दळिंदर आलं न्हाय अजून इंदापूरला!" त्यानं पैसे काढले आणि म्हस्कूच्या तळहातावर आपटले.

ते वाजल्याबरोबर आबाजी खाकरले. "म्हंजी कुंडलिकराव सवता भाडं भरून बायकूला माहेरी पोचवाया आलं म्हनायचं. रीत हाय. चांगलं केलंत."

तळ हसला. कुंडलिकनं आपल्या हाताकडं असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याचाच असावा.

"पैज काय ठरली हुती?" तो ओरडला. "मोटार आदी आली तर ही जानार न्हाय!"

"तसं न्हवतं ठरलं," सिंधुबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "दादानं न्यायला यायचं न्हाय, एवढंच ठरलं. मी दाराआड हुते. दादानं कुठं नेलं मला? मोटार जिंकली, मी मोटारीत हुते."

"चल. ह्याच मोटारीत बस, माघारी चल."

"चला की." ती वळलीसुद्धा. "पर तुमीच म्हनला हुता, पोटुशी बाई हिंदकळून जीव जाईल. एकदा आले त्ये आले. एकाच दिसात दुसऱ्यांदा हिंदकळवून माझं काय झालं, तर ह्या समद्यांस्नी काय सांगनार, त्ये आताच सांगून ठेवा."

जमलेली माणसं आता हसत नव्हती. रतनचं काय झालं ते बारामतीतही माहीत होतं. कुंडलिकनं एकदा सिद्धूकडं पाहिलं, एकदा मोटारीकडं.

मुक्ताबाई भाकरतुकडा घेऊन धावत आली, लेकीवरून ओवाळून टाकला आणि जावयासमोर पाण्याचा तांब्या धरला. "आलायसा तर जेवून जावा."

"तुमच्या घरचं पानी बी नगं," कुंडलिक म्हणाला. "माझी जिंकलेली पाखरं तेवढी द्या."

रामहरीनं स्वतः ढाबळीत चढून कबुतरं काढली. अंड्यांवरची मादीही काढली. ती चोच मारत होती. पाटीवर जाळं बांधून देताना त्याच्या तोंडावर दुःख कमी आणि हसू जास्त होतं. ही पाखरं इंदापुरात उघडली की चंद्राबाईचं दळण व्हायच्या आत बारामतीत परत. दिलंही, आणि गेलंही नाही. असा व्यवहार कुठला अडता करून देणार?

मोटार धूळ उडवत गेली. ऊन चांगलं चढल्यावर, पोटातला हरभरा जिरल्यावर, ठिपक्या आला. उतरला तो थेट खोप्यात शिरला. मग बाहेर आला, कौलावर चालला, घुमला, पुन्हा आत गेला. गार पडलेल्या अंड्यांवर बसला.

तिकडं इंदापुरात कुंडलिक एकटा पाटी घेऊन घरी आला. सिंधुबाईनं पाण्याला म्हणून नेलेली घागर शेजारच्या शकुबाईनं रिकामी आणून दिली होती. चंद्राबाई ती पुढ्यात ठेवूनच बसली होती.

"सून गेली, पाखरं आली," ती म्हणाली. "सौदा बरा केलास. आन् तिचं भाडं कुनी दिलं?"

कुंडलिकनं पाटी खाली ठेवली. त्यानं जाळ्याची गाठ सोडायला हात घातला, तेवढ्यात चंद्राबाईनं तो धरला. "येडा हायस का? त्या मेल्यानं हसत दिली आसतील."

"व्हय. हसत हुता."

चंद्राबाईनं धनगराकडून लोकर कातरायची कात्री मागवली. एकेक पाखरू मांडीवर घेऊन, घाई न करता, तिनं पंख छाटले.

रामहरी आठवडाभर रोज उजाडताच ढाबळीवर चढून उगवतीकडं बघत उभा राहिला. मग भाजीच्या गाडीबरोबर बातमी आली, की पाखरं अंगणात कोंबड्यांबरोबर चालतात, आणि बोका एक दिवसाआड एक नेतो. त्यानंतर तो चढला नाही.

सिंधुबाई बाळंत झाली. अडली होती, पण मुक्ताबाईनं सोडवली. मुलगी झाली. बारशाला इंदापूरचं कुणी आलं नाही. तीन महिन्यांनी म्हस्कूच्या मोटारीनं मायलेकी सासरी गेल्या. चंद्राबाईनं दारात नातीवरून भाकरतुकडा ओवाळला आणि सुनेच्या हातात तीच रिकामी घागर दिली. "वाट कळली तुला," ती म्हणाली. "आता इसर." चंद्राबाई जिवंत होती तोवर सिंधुबाईला बारामती पुन्हा दिसली नाही. रामहरीला तर इंदापूरची पायरी बंदच होती, पैजेनं.

आता हिशेब. जमेला एक आई आणि एक लेक, दोघी जिवंत. खर्चात मोटारीचं भाडं कुंडलिकचं, ढाबळ रामहरीची, माहेर सिंधुबाईचं. राहिला ठिपक्या. तो त्या दोन अंड्यांवर बसून राहिला, दाण्यालाही उठेना. अंडी नासली तेव्हा रामहरीनं काढून टाकली. पुढं रोज सकाळी ठिपक्या ढाबळीवर एक घिरटी घ्यायचा आणि परत बसायचा. इंदापूरला जायचं कसं, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला फक्त घरी येता येत होतं. मादी आणि अंडी, दोन्ही त्याचीच गेली, आणि पैज लावताना त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.